ऑगस्ट २०२४ च्या गूगल कोअर अपडेटनंतर माझ्या सरकारी योजनांच्या मराठी साइटचा ट्रॅफिक निम्म्यावर आला. ही पेनल्टी आहे का? रँकिंग कधी परत येईल?

पेनल्टी नाही. पेनल्टी म्हणजे मॅन्युअल ॲक्शन, गूगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई. ती लागली असेल तर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं मोफत साधन) त्याच नावाच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेली असते. तिथे काही नसेल, तर 'पेनल्टी काढून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. दर अपडेटनंतर घाबरलेल्या ब्लॉगरांकडून असे पैसे उकळले जातात, याची मला मनस्वी चीड आहे. कोअर अपडेट म्हणजे निकालांचा क्रम लावण्याच्या गूगलच्या पद्धतीतला मोठा बदल; त्यात सगळ्याच पानांचं मोजमाप नव्याने होतं. काही वर जातात, म्हणून काही खाली येतात.

पण तुमचं रँकिंग मुळात पडलंय का, हे आधी तपासा. हे अपडेट १५ ऑगस्टला सुरू झालं आणि ३ सप्टेंबरला संपलं. लाडकी बहीण योजनेच्या अर्जाची मुदत आधी १५ जुलै होती, मग ३१ ऑगस्ट झाली, पुढे ती आणखी वाढली. तरी अर्ज कसा भरायचा हे शोधणारी पहिली मोठी गर्दी ओसरायची वेळ आणि अपडेटची वेळ एकच आली. गर्दी ओसरली की पहिल्या नंबरच्या पानाचेही क्लिक कोसळतात.

सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये ८ ते १४ ऑगस्ट आणि १९ ते २५ सप्टेंबर यांची तुलना लावा. दोन्ही आठवडे गुरुवार ते बुधवार आहेत, आणि मधला ७ ते १७ सप्टेंबरचा गणेशोत्सव मुद्दाम टाळलाय. त्या दिवसांवरून मराठी साइटचा अंदाज बांधू नये. साइटची सरासरी पोझिशन, म्हणजे निकालांतला क्रमांक, बघू नका. खालच्या नंबरवरच्या क्वेरी (लोक शोधतात ते शब्द) गळाल्या की ती आपोआप सुधारलेली दिसते. 'लाडकी बहीण फॉर्म' अशी एकच क्वेरी आणि तिचं एकच पान घ्या. पोझिशन ३ वरून ४ झाली आणि इम्प्रेशन्स (निकालांत पान किती वेळा दिसलं ते) पार आटली, तर मागणीच गेली; पानाला हात लावू नका. ४ वरून थेट २९ वर गेलं असेल, तर अपडेटचा फटका खरा.

फटका खरा असेल तर जिल्हावार पानं उघडा. अशा साइटवर बहुधा 'पुणे', 'नाशिक', 'लातूर' एवढंच बदलून तोच मजकूर ३६ वेळा छापलेला असतो. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात अशा घाऊक मजकुराचं वेगळं कलमच आहे. ही पानं एका मुख्य पानात मिसळा आणि प्रत्येक जुनी लिंक ३०१ ने (कायमच्या रीडायरेक्टने) त्याच पानावर वळवा. होमपेजवर वळवलीत तर गूगल ती सॉफ्ट ४०४, म्हणजे पान नसल्यासारखीच, धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मुख्य पानावर शासन निर्णयाची तारीख, कागदपत्रं आणि अर्ज का नाकारले जातात ते स्वतः तपासून लिहा. शासन निर्णय जसाच्या तसा चिकटवलात, तर सरकारी साइट सोडून तुम्हाला वर ठेवायला गूगलकडे कारणच नाही.

मजकूर न बदलता तारीख ताजी करण्याचा सल्ला बरेच जण अजून ठामपणे देतात. तो चूक आहे, वाचकाची फसवणूकही आहे. डिसॲव्हाउ फाइलचंही तेच; 'बाहेरून माझ्या साइटला आलेल्या या लिंक्स मोजू नका' असं गूगलला सांगणारी ही यादी. २०१६ च्या पेंग्विन ४.० या लिंक्सविषयीच्या अपडेटपासून गूगल फालतू लिंक्सना बहुतेक वेळा नुसतं मोजतच नाही. विकत घेतलेल्या लिंक्समुळे मॅन्युअल ॲक्शन आली असेल किंवा येण्याची भीती असेल, तरच त्या फाइलचा उपयोग.

परत कधी येईल? काही पानं मधल्या छोट्या अपडेटमध्ये सावरतात. मोठी घसरण बहुधा पुढच्या कोअर अपडेटपर्यंत तशीच राहते, आणि तेव्हाही भरून निघेलच याची हमी नाही. सर्च कन्सोल १६ महिन्यांचाच डेटा ठेवतं, तेव्हा २०२४ चा डेटा अजून दिसत असेल तर आत्ताच एक्सपोर्ट करून घ्या.

आणि हो, हे सगळं सर्चपुरतं. तुमचे वाचक डिस्कव्हरमधून (न शोधता मोबाइलवर गूगल सुचवतं ती लेखांची यादी) येत असतील तर त्याचा रिपोर्ट वेगळा असतो, त्यात पोझिशन नसतेच. आधी तो उघडा.