दोनदा रिप सारखेच आले, तरी अ‍ॅक्युरेटरिप का जुळत नाही?

प्रश्न असा आहे : लिनक्सवर व्हिपर या सॉफ्टवेअरने सीडी रिप केली (तिच्यातला ध्वनी संगणकावर उतरवला), दोन्ही वाचनांचा चेकसम (डेटावरून काढलेला ओळख-आकडा) सारखा आला, पण अ‍ॅक्युरेटरिप या डेटाबेसमधल्या, इतरांच्या रिपवरून जमलेल्या नोंदींशी एकही ट्रॅक जुळला नाही. यातला 'एकही नाही' हा भाग फार महत्त्वाचा आहे. काही ट्रॅक जुळून दोन-तीनच चुकले असते, तर ऑफसेट (ड्राइव्ह नेमक्या जागेपासून किती पुढे-मागे वाचतो तो फरक) बरोबर आहे आणि दोष तबकडीवरच्या ओरखड्यांचा किंवा मळाचा आहे, असं म्हणता आलं असतं. सगळेच चुकतात तेव्हा आधी ड्राइव्हच्या रीड ऑफसेटवर संशय घ्यावा. सीडी वेगळ्या प्रेसिंगची, म्हणजे वेगळ्या साच्यातून छापलेली असणं, ही त्यानंतरची शक्यता.

ऑफसेट मुळात का लागतो? डेटा सीडीच्या २,३५२ बाइटांच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (तुकड्यात) प्रत्यक्ष डेटा २,०४८ बाइट असतो. उरलेल्या ३०४ बाइटांत सेक्टरचा पत्ता आणि जादा चूक-दुरुस्ती. ऑडिओ सीडीत ही चैन नाही. सगळे २,३५२ बाइट, म्हणजे ५८८ सॅम्पल (ध्वनीची एकेक क्षणाची मोजमापं), संगीतालाच दिलेले आणि सेकंदाला असे ७५ सेक्टर. जागेची माहिती वेगळ्या सबचॅनलमध्ये असते आणि ती सॅम्पलइतकी नेमकी नसते. त्यामुळे ड्राइव्हचं प्रत्येक मॉडेल काही ठरावीक सॅम्पल पुढे-मागे वाचतं. कुणाचा ऑफसेट +६, तर कुणाचा +६६७. +६६७ म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद, कानाला काहीच फरक नाही. चेकसम मात्र एका सॅम्पलनेही बदलतो.

म्हणून एखादा भरपूर खपलेला, नोंदींमध्ये हमखास सापडणारा मूळ अल्बम ड्राइव्हमध्ये घाला. आधी 'व्हिपर ड्राइव्ह अ‍ॅनलाइज' चालवा. ड्राइव्ह तोच भाग दुसऱ्यांदा मागितल्यावर तबकडीऐवजी स्वतःच्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) देतो का, आणि ती कॅश चुकवता येते का, हे त्यातून कळतं. चुकवता येत नसेल तर पुनर्वाचनाला काही अर्थ उरत नाही. सरळ दुसरा ड्राइव्ह घ्या. मग 'व्हिपर ऑफसेट फाइंड'. आलेला आकडा अ‍ॅक्युरेटरिपच्या ड्राइव्ह-यादीत तुमच्या मॉडेलसमोर तोच आहे ना, ते बघा. दोन्ही निकाल व्हिपरच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या ड्राइव्हच्या नावाने साठतात, त्यामुळे ड्राइव्ह बदलला की दोन्ही पायऱ्या पुन्हा करायच्या.

दोनदा सारखं वाचन झालं म्हणजे ते अचूकच, हा समज सोडायला हवा. सीडीतली चूक-दुरुस्ती सलग सुमारे ४,००० बिटांचा, म्हणजे तबकडीवरच्या सर्पिल रेषेच्या लांबीवर अंदाजे २.५ मिलिमीटरचा तुटवडा पूर्ण भरून काढते. त्यापलीकडे ड्राइव्ह आजूबाजूच्या सॅम्पलवरून अंदाज बांधतो आणि तोच खरा म्हणून पुढे देतो. तोच अंदाज दुसऱ्या वाचनातही येऊ शकतो. इतरांच्या सीडीशी, इतरांच्या ड्राइव्हशी जुळणं हाच खरा पुरावा.

पण जुन्या नाट्यसंगीताच्या किंवा भावगीतांच्या सीडीची अशी नोंदच नसेल तर? अशा वेळी वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हवर, त्याचा स्वतःचा ऑफसेट भरून, पुन्हा रिप करा आणि ट्रॅकचे चेकसम ताडून पाहा. म्युझिकब्रेन्झ या अल्बमच्या माहितीच्या ऑनलाइन डेटाबेसवर अल्बम नसेल तर व्हिपरचा 'अननोन' पर्याय आहे. त्यापेक्षा व्हिपर दाखवतो त्या दुव्यावरून अल्बमची नोंद स्वतः करावी, हे माझं आग्रहाचं सांगणं. पुढच्या माणसाला गायक-संगीतकारांची नावं नीट मिळतात. घरी बर्न केलेल्या सीडीला 'सीडीआर' पर्याय द्यावा लागतो. तिच्यात बर्नरचा लेखन-ऑफसेटही मिसळलेला असू शकतो, म्हणून ती न जुळल्यास नवल नाही.

प्रेसिंगची शंका क्यूटूल्सने फिटते. विंडोजवरचं हे मुक्त सॉफ्टवेअर रिपच्या फ्लॅक फायली (दर्जा न घटवता साठवलेला ध्वनी) वेगवेगळ्या ऑफसेटवर ताडून पाहतं, त्यामुळे 'ध्वनी तोच, फक्त सरकलेला' हे लगेच दिसतं. त्याच्या डेटाबेसमध्ये पॅरिटीची, म्हणजे दुरुस्तीसाठीची जादा माहितीही असते. तबकडीची नोंद असेल आणि बिघाड थोडा असेल तर खराब सॅम्पल दुरुस्त होतात. हे केवळ अंदाजाने बुजवणं नसून खरी दुरुस्ती आहे.

मोजकेच ट्रॅक चुकत असतील तर मऊ मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. सर्पिल रेषेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो. पॉलिश फक्त खालच्या पारदर्शक बाजूला उपयोगी. लेबलच्या बाजूने खरवडलं असेल तर चमकणारा थरच गेलेला असतो आणि तिथे उपाय नाही. व्हिपर एका ट्रॅकसाठी मूळ सेटिंगने ५ प्रयत्न करतो. 'मॅक्स रिट्राइज'ने ते वाढवता येतात आणि 'कीप गोइंग' दिलं तर एक ट्रॅक फसला म्हणून बाकीचे अडत नाहीत.

आधी केलेल्या रिप फक्त ऐकण्यासाठी असतील तर ऑफसेटपायी पुन्हा करू नका. संग्रहासाठी हव्या असतील तर नव्याने करा आणि लॉग (रिपचा अहवाल), क्यू व टॉक (ट्रॅकची मांडणी) फायली फ्लॅकच्याच फोल्डरमध्ये ठेवा. तरीही जुळलं नाही तर लॉगमधल्या 'रीड ऑफसेट करेक्शन' आणि 'डिफीट ऑडिओ कॅश' या दोन ओळी ड्राइव्हच्या मॉडेलसकट इथे द्या.