आजीच्या अंगणातला तेरडा बियांपासून कसा लावायचा?

तेरडा हे सगळ्यात सोपं फूलझाड. नर्सरीत रोप शोधत बसू नका, मूठभर बी कोणाकडून तरी मागून आणा.

मृगाचा पाऊस पडून माती ओली झाली की बी टाका. मोहरीएवढं असतं, त्यामुळे वर जेमतेम पाव इंच भुसभुशीत माती पुरे. खोल पुरलेलं बी बऱ्याचदा वर येतच नाही. आठवडाभरात कोंब दिसतात. चार पानं आली की रोपं वीतभर अंतरावर ठेवा, जास्तीची उपटा (इथे जीव कठोर करावा लागतो!). खोड पाणीदार असल्यामुळे पाणी साचलं की बुडातून कुजतं. कुंडी असेल तर खालचं भोक मोकळं आहे ना बघा. खत फार नको, नाहीतर नुसता पाला माजतो.

साधारण दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे जूनमधला तेरडा गौरीला बरोबर सापडतो. कोकणात तर तेरड्याच्याच गौरी आणतात.

खरी गंमत बी धरण्यात. लवदार हिरवी बोंडं फुगून पिवळसर झाली की हात लावताच फटकन फुटतात आणि बी चौफेर उडतं. म्हणून बोंड आधी मुठीत घ्यायचं, मग दाबायचं. बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. काही सांडलंच, तर पुढच्या पावसात तिथेच उगवेल.