पक्षी आणि ट्रेक, दोन्हींसाठी एकच दुर्बीण: ८×४२ की १०×४२?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात राहता, वय चाळिशीपुढे, चष्मा आहे, सुट्टीला गडांवर जाता आणि वर्षभरापासून पक्ष्यांचा नाद लागलाय. अमेरिकेतला चुलतभाऊ डिसेंबरात येतोय. तो तिकडे हरणांच्या शिकारीला जातो आणि म्हणतो, १०×४२ घे, जमलं तर १२×५०. वीस हजारांच्या आत एकच दुर्बीण घ्यायची आहे, तर त्याचं ऐकावं का?

माझं मत, ८×४२ घ्या, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी. भाऊ चुकीचं सांगत नाहीये, तो त्याच्या कामाचं सांगतोय. तिकडच्या पश्चिमेच्या मोकळ्या डोंगरांत शिकारी एका जागी बसतो, कोपर गुडघ्यावर टेकवतो नाहीतर दुर्बीण तिपाईवर लावतो आणि समोरची अख्खी उतरण तासभर विंचरत राहतो. हरीण असतं लांब आणि बराच वेळ जागचं हलत नाही. तिथे दहापट, बारापट कामाची. दाट झाडीत शिकार करणारे तिकडेही बरेचदा आठपटच वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, तेव्हा तुमच्या दुर्बिणीला ते काम नाहीच. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे पंधरा-वीस मीटरवर, डोक्यावरच्या फांदीत, दर दोन सेकंदांनी जागा बदलणारा पर्णवटवट्या. आणि तुम्ही उभे, चढून आल्यामुळे धापा टाकत.

पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे १२×५० होती. सिंहगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात, उन्हाळ्यात, ओढ्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यावर स्वर्गीय नर्तकाचा नर आला. साध्या डोळ्यांना तो पांढऱ्या फितीसारखा दिसत होता. मी दुर्बीण लावली तर नुसती पानं. थोडं डावीकडे केलं, फांदी. वर केलं, आभाळ. तेवढ्यात तो उडाला. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी काही न बोलता गळ्यातली त्यांची जुनी ८×४० काढून माझ्या हातात दिली. दहा मिनिटांनी तो परत आला आणि पहिल्याच झटक्यात वर्तुळाच्या मधोमध सापडला. काळाभोर तुरा, डोळ्याभोवती निळं कडं, आणि तो बसल्यावरही क्षणभर हलत राहिलेली ती लांब शेपटी. पक्षी किती मोठा दिसतो यापेक्षा तो किती लवकर सापडतो, हे जास्त महत्त्वाचं असतं. हे मला त्या दिवशी कळलं.

याचं कारण साध्या हिशोबात आहे. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार. तो वाढला की दिसणारं वर्तुळ आकसतं. साधारण ८×४२ मधून आठ अंशांच्या आतबाहेर दिसतं, म्हणजे वीस मीटरवरच्या झाडाचा पावणेतीन मीटर रुंद तुकडा. १२×५० मध्ये तोच तुकडा दोन मीटरच्याही खाली येतो. शिवाय हाताची थरथर तितक्याच पटींनी मोठी होते. भिगवणला नावेतून रोहित पक्षी बघायला जाल तेव्हा हे लगेच जाणवेल. नाव डुलते, दहापटीत पक्षी नाचतात आणि आठपटीत निवांत उभे दिसतात. पाण्याच्या पार पलीकडच्या काठावरचे तुतवार ओळखायचे असतील तर दहाही पुरत नाही, तिथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठ्या पटीची दुर्बीणच लागते. माळावर भोवत्या किंवा कापशीसारखे शिकारी पक्षी बघणाऱ्यांना दहापट आवडते हे खरं. तुमचं बहुतेक फिरणं तेच असतं तर माझं उत्तर बदललं असतं.

दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला पहिल्या आकड्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत तुमच्या बुबुळापर्यंत पोचतो. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, तेव्हा सगळ्याच दुर्बिणी उजळ वाटतात. फरक कळतो तो तांबडं फुटताना आणि पावसाळी रानात, म्हणजे नेमका पक्ष्यांच्या वेळेला. खिशात मावणारी १०×२५ फक्त अडीचचा झोत देते. म्हणून दुपारी दुकानात ती फर्स्टक्लास वाटते आणि पहाटे झाडीत काळवंडते.

आता चष्म्याचं. माझ्या मते तुमच्या बाबतीत ही गोष्ट पट, कंपनी, किंमत या सगळ्यांच्या आधी येते. दुर्बिणीपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण वर्तुळ दिसतं, ते अंतर माहितीपत्रकात आय रिलीफ म्हणून मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. चष्मेवाल्यांना ते निदान १५-१६ हवं. ते कमी असेल तर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं आणि माणूस चष्मा कपाळावर सरकवून बघू लागतो. मग पक्षी कुठे बसलाय ते चष्म्याशिवाय दिसत नाही आणि दुर्बीण लावायला चष्मा काढावा लागतो. या काढघाल करण्यात कितीतरी पक्षी हातचे जातात. वीस हजारांच्या आत निकॉनची प्रोस्टाफ पी-३, ८×४२ जरूर बघा. तिचा आय रिलीफ वीसच्या आसपास आहे, वजन ५६५ ग्रॅम आणि ती जलरोधक आहे. निकॉनचीच अॅक्युलॉन ८×४२ स्वस्त आहे आणि तिचं चित्र किमतीच्या मानाने छान आहे, पण तिचा आय रिलीफ १२ च आणि ती पाण्याला टिकणारी नाही. चष्मा नसलेल्या आणि पावसात न फिरणाऱ्या माणसाला मी तीच सुचवली असती.

सह्याद्रीत जलरोधक हवीच. माझ्या आधीच्या एका दुर्बिणीत हरिश्चंद्रगडावरच्या एका पावसाळी मुक्कामानंतर आतून धुकं धरलं. दिवाळीत बघते तो भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती बाहेरून पुसता येत नाही. चांगल्या जलरोधक दुर्बिणीत नायट्रोजन भरून ती बंद केलेली असते, त्यामुळे आत बाष्प धरत नाही. तरीही घरी आल्यावर ओली दुर्बीण पिशवीत कोंबू नका. कोरडी करून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

ट्रेकसाठी वजनाची धास्ती वाटत असेल तर ८×३२ हा चांगला मधला मार्ग आहे, शे-दीडशे ग्रॅम हलकी पडते. पण एकच घ्यायची तर मी ४२ च घेईन आणि मानेवरचा पट्टा बदलेन. पाठीवरून खांद्यांवर येणारा, छातीशी दुर्बीण धरून ठेवणारा पट्टा मिळतो. त्याने मान अवघडत नाही आणि कातळावर चढताना दुर्बीण आपटत नाही.

ज्यावर १००×, १०००× असं छापलेलं असतं किंवा ज्यांच्या भिंगांवर लालभडक चकाकी असते त्या दुर्बिणी हातातही घेऊ नका. झूमवाल्याही नकोत.

भावाकडून मागवणार असाल तर दोन अडचणी आहेत. दुर्बीण तुम्ही आधी डोळ्याला लावून बघणार नाही आणि बिघडली तर तिकडची वॉरंटी इथे चालेल का, हे घेण्याआधीच विचारावं लागेल. मी इथेच, दुकानात जाऊन घेईन. चष्मा लावून जा. डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या चष्मेवाल्यांनी आत फिरवून ठेवायच्या असतात. दुर्बीण हातभर लांब, उजेडाकडे धरा. डोळ्यांकडच्या दोन्ही काचांत उजेडाचे गोल ठिपके दिसतील. ते स्वच्छ गोल हवेत. कडा चौकोनी कापल्यासारख्या आणि करड्या असतील तर आतले लोलक हलक्या प्रतीच्या काचेचे. मग दुकानाबाहेर येऊन तारेवरचा कावळा बघा. उजळ आभाळासमोर त्याच्या कडेला जांभळी किनार जितकी कमी तितकं बरं. शेवटी लांबच्या गच्चीचा कठडा दोन मिनिटं बघत राहा. डोळे ओढल्यासारखे वाटले किंवा कठडा दुहेरी दिसला तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, ती परत द्या.

घेतल्यावर एकदा जुळवून घ्या, बरेच जण हे करतच नाहीत. दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत बिजागरी मिटवा. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी लांबच्या पाटीवरची अक्षरं स्पष्ट करा. नंतर डावा झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. ही कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा, पिशवीत ती सरकते. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढू नका. नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा.

डिसेंबरपर्यंत वेळ आहे. थंडीतल्या एखाद्या रविवारी सकाळी पुण्याजवळच्या कवडीपाटला जा. नदीकाठी गळ्यात दुर्बीण अडकवलेले पाच-सात जण तरी भेटतील. त्यांच्याकडे दोन मिनिटं मागा, कोणी नाही म्हणत नाही. एकाची आठपट, दुसऱ्याची दहापट, चष्मा न काढता, एकाच खंड्यावर लावून बघा आणि मग इथे येऊन सांगा काय ठरवलंत ते.