नऊ दिवस सुट्टीचे, चौदा कशाचे?

"मॅडम, मला शिस्तच नाही. सुट्टीत वाटेल तसं खाल्लं आणि दीड महिन्याची मेहनत पाण्यात गेली. आता परत सुरू करायचा विचार जरी आला तरी अंगावर काटा येतो."

सुट्ट्या संपल्या की माझ्यासमोरच्या खुर्चीतून हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येतंच. ज्या बाईंबद्दल सांगतेय त्यांच्या परवानगीनेच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय चाळिशीच्या अलीकडचं, काम हिशेब तपासण्याचं. त्यांनी पर्समधून एक वही काढून माझ्यापुढे सरकवली. रोजच्या व्यायामासाठी पट्टीने रेघा मारून आखलेले चौकोन आणि प्रत्येकात हिरव्या पेनाने बरोबरची खूण. अशा ४७ खुणा, एकही खाडा नाही. मग सुट्टीचे ९ रिकामे चौकोन. पुढच्या तीन चौकोनांत खुणा होत्या, पण पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर उमटलं होतं. शेजारी आकडा : '९० मि.' त्यानंतर १४ चौकोन कोरे.

इथे माझी एक चूक सांगून टाकते. "अहो, एवढं काही बिघडलेलं नाही," असं मी पटकन बोलून गेले. धीर द्यायची घाई. बाईंनी वही मिटली. इतकी वर्षं हे काम करूनही समोरचा माणूस दुःखाचा हिशेब मांडत असताना मी मध्येच बेरीज सांगून मोकळी होते, हे काही चांगलं लक्षण नाही.

थोडं थांबून मी ती वही परत मागितली आणि विचारलं, "हे नऊ दिवस सुट्टीचे, कळलं. हे चौदा कशाचे?"

त्यांनी बराच वेळ त्या चौकोनांकडे पाहिलं. मग सांगितलं ते असं. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. २.४ किलो जास्त. काटा त्यांनी पायाने ढकलून पलंगाखाली घातला आणि ठरवलं, आता भरपाई. सकाळचं खाणं बंद, रात्रीचं जेवण बंद, व्यायाम एरवीच्या दुप्पट. तीन दिवस रेटलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखत होतं, पाय भरून आले होते आणि हातात आलं ते खाल्लं. "आता बिघडलंच आहे तर बिघडू दे," असं म्हणून पुढचे दोन आठवडे तसेच गेले.

ही वृत्ती संशोधकांच्या चांगली ओळखीची आहे. हर्मन आणि मॅक यांनी १९७५ साली खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या माणसांपैकी काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना नाही, मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं. पोट भरलेलं, म्हणजे कमी खायला हवं होतं. झालं उलटंच : मिल्कशेक प्यायलेल्यांनी जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग उरलेला दिवस कशाला सांभाळा? हा दिवस लांबत लांबत चौदा दिवसांचा कसा होतो, ते वहीत दिसतच होतं.

बाई हिशेबाच्या, म्हणून मी त्यांनाच गणित घातलं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. "मग २.४ किलो चरबीच वाढायची असेल तर?" त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर गुणाकार केला : १८,४८०. नऊने भागलं. रोज जवळपास २,०५० कॅलरी, आणि त्याही नेहमीच्या गरजेवर वरकड.

"छे! एवढं नाही खाल्लं मी," त्या म्हणाल्या. मघाशी 'वाटेल तसं खाल्लं' म्हणणाऱ्या त्याच बाई!

मग वाढलेल्या वजनात होतं काय? मोठा भाग पाणी. शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खारट जेवण झालं की मिठामुळे आणखी पाणी थांबतं. शिवाय पोटातलं अन्न असतंच. त्यामुळे परतल्यानंतरच्या पहिल्या सकाळचा आकडा खरा असला तरी तो सगळा चरबीचा नसतो. त्या आकड्यावर शिक्षा ठोठावणं म्हणजे उधारीच्या नोंदी न पाहता ताळेबंद मांडणं. (हे वाक्य त्यांचं. मला कुठलं सुचायला!)

पुढच्या भेटीच्या सकाळी त्यांनी काटा पलंगाखालून काढला. सुट्टीच्या आधीपेक्षा ०.९ किलो जास्त. व्यायाम नाही, उपास नाही, आणि दीड किलो आपोआप उतरलेलं. आनंद व्हायच्या ऐवजी त्या चिडल्या होत्या. "म्हणजे ते तीन दिवस मी उगाच जीव काढला?"

हो, उगाच. हे मी गोड करून सांगितलं नाही.

पण उरलेल्या ०.९ कडेही काणाडोळा केला नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांची सुट्ट्यांच्या हंगामाआधी आणि नंतर वजनं घेतली गेली होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी वाढ अवघी ०.३७ किलो निघाली. गोम पुढे आहे. तेवढंसं वजन नंतरच्या महिन्यांतही उतरलं नव्हतं. सुट्टीतल्या खाण्यापेक्षा सुट्टीनंतर नेहमीच्या घडीवर न येणं महागात पडतं, असं मला त्यामुळेच वाटतं. नऊ दिवसांवर मी त्यांना एक अक्षर बोलले नाही. माझं भांडण त्या चौदा दिवसांशी होतं.

आता प्रश्न, परत सुरू कसं करायचं. इच्छा होईल तेव्हा करू, यात काही अर्थ नाही. इच्छा बहुतेक वेळा चार दिवस व्यायाम झाल्यावर उगवते. आम्ही ठरवलं ते एवढंच : संध्याकाळी घरी येऊन बॅग ठेवली की बाहेरचे बूट काढायचे आणि लगेच चालायचे बूट घालायचे. मध्ये बसायचं नाही. दहा मिनिटं चालायचं, वाटलं तर पुढे. जेवणं तिन्ही वेळची, नेहमीसारखी.

"दहा मिनिटांनी काय होणार?" चेहऱ्यावर स्पष्ट नाराजी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, हे त्यांना पाठ होतं. २०२० च्या त्याच शिफारशींत आधीची 'सलग किमान दहा मिनिटं' ही अटही काढून टाकली आहे, हे मात्र माहीत नव्हतं. थोडी हालचालसुद्धा मोजली जाते. आणि खरं सांगायचं तर ती दहा मिनिटं वजनासाठी नव्हतीच. रोज संध्याकाळी बूट बदलले जावेत, एवढ्याचसाठी होती.

वही चाळताना मला पहिल्या पानावर, चौकोनांच्याही आधी, पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली : 'ऑफिसचे चार मजले न थांबता.' मी वाचून दाखवली. त्या हसल्या, मग गप्प झाल्या. सुरुवात त्यासाठी केली होती. वजनाचा आकडा नंतर आला, कुणाच्या तरी शेऱ्यावरून. "जिने चढताय का हल्ली?" मी विचारलं. चढत होत्या. तिसऱ्या मजल्यावर एकदा थांबून, पण चढत होत्या. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने स्नायूंची ताकद फारशी जात नाही, दम आधी कमी होतो आणि तोही परत येतो. पाण्यात गेलेली मेहनत अशी तीन मजले चढून जात नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला विचारते, त्यांनाही विचारली. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, किंवा आठवड्यातून एकदा तरी हाताबाहेर जाऊन खाणं आणि हे महिनोन्‌महिने चालणं, यातलं काही आहे का? त्यांच्या बाबतीत नव्हतं. असतं तर वही बाजूला ठेवून मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तिथे प्रश्न शिस्तीचा नसतो, आजाराचा असतो.

खाड्यांची त्यांना फार धास्ती. एक चौकोन रिकामा राहिला की साखळी तुटली, हा हिशेब डोक्यात पक्का. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) धरला तर ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरतील असं दिसलं, तर कुणाला २५४. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. हे ऐकून त्यांनी काय केलं असेल? रिकामे चौकोन खाडाखोड न करता तसेच ठेवले आणि शेजारून पुढे लिहायला लागल्या.

पाच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, वेगळ्याच कामासाठी. मध्ये आणखी एक सुट्टी होऊन गेली होती. मी न विचारताच वही पुढे सरकवली. या वेळी ११ चौकोन रिकामे. बाराव्यात हिरवी खूण, पेन न दाबता केलेली, आणि शेजारी बारीक अक्षरात : '१० मि. भयंकर कंटाळा.'