पाऊणकी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा झोपता झोपता तू विचारलंस, "आई, आजोबा 15 नोव्हेंबरला गेले ना? मग आपण 5 नोव्हेंबरला दिवा का लावला? तुझी तारीख चुकली का?" मी म्हटलं, "अगं, तिथीने करतात. झोप आता." हे काही उत्तर झालं नाही. पण खरं उत्तर खाडीपासून सुरू होतं, आणि रात्री दहाला खाडी काढून बसले असते तर दुसऱ्या दिवशी शाळेची बस चुकली असती. म्हणून लिहिते आहे. मोठ्याने वाच, म्हणजे जोडाक्षरं अडणार नाहीत.

पंचांगाचं आधी उरकते. आजोबा गेले तो दिवस त्रिपुरी पौर्णिमेचा, म्हणजे कार्तिक पौर्णिमेचा. 2024 साली ती 15 नोव्हेंबरला होती, यंदा, 2025 मध्ये, 5 नोव्हेंबरला आली आणि 2026 मध्ये 24 नोव्हेंबरला येईल. चंद्राच्या बारा महिन्यांचे 354 दिवस होतात, म्हणून तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. सरकत सरकत दिवाळी पावसाळ्यात जाऊ नये म्हणून दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पौर्णिमा एकदम पुढे उडी मारते. आपले गणपतीही असेच मागेपुढे होतात, ते तुला माहीतच आहे.

आता आजोबा.

माझे अण्णा दापोली तालुक्यात मास्तर होते. घर खाडीच्या अलीकडे, शाळा पलीकडे, आणि मध्ये पूल नव्हता. तरीची होडी होती. भरती असली की होडी थेट धक्क्याला लागायची. ओहोटी असली की अर्ध्या वाटेत उतरून गुडघाभर चिखल तुडवायचा. त्यामुळे घरातून किती वाजता निघायचं हे घड्याळ बघून ठरायचंच नाही, तिथी बघून ठरायचं. अण्णांची कृती एका ओळीची होती: तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळाली. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पाणी भरलेलं. अष्टमीला आठ पाऊणे सहा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या मागे चालतो, म्हणून हे जमतं. त्या काळच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. आमच्या घरी पाऊणकी चुकली तर छडी नव्हती, चिखल होता.

पौर्णिमेला मात्र पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात आणि पाणी भरतं बाराच्या सुमाराला. मी हे एकदा फार हुशारीने दाखवून दिलं. अण्णा म्हणाले, "समुद्र माझ्या वर्गात नव्हता."

एकदा तपासणीला एक साहेब आले होते. मी सहावीत असेन. दुपारी दीडला परत निघायचं म्हणाले. अण्णांनी सांगितलं, "साहेब, आज दशमी. सकाळी साडेसातला पाणी भरलं, दीडला तळ दिसेल. आत्ता अकराला निघा, नाहीतर चारपर्यंत थांबा, जेवून जा." साहेबांना वाटलं मास्तर मुहूर्त सांगतोय. ते हसले आणि दीडलाच निघाले. होडी मधल्या वाळूच्या पट्ट्यावर रुतून बसली. साहेब बूट हातात आणि पँट गुडघ्यावर अशा अवस्थेत अलीकडे आले तेव्हा कालवं काढायला बसलेल्या बायकांनी त्यांना वाट दाखवली. अण्णांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. बायकांनी सगळ्यांना सांगितली.

रविवारी अण्णा पाग, म्हणजे फेकून मासे धरायचं जाळं, घेऊन खाडीवर जायचे, तेही तिथी बघूनच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी पुरुष-दीड पुरुष चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळसावलेलं. घरी कालनिर्णय होतं, पण अण्णा रात्री अंगणात येऊन नुसतं वर बघायचे आणि उद्याचं पाणी सांगायचे.

तारखेवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख 1 जून आहे. त्या पिढीतल्या अर्ध्या गावाची 1 जूनच असेल, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच लिहून टाकायचे. माझ्या आजीला, म्हणजे तुझ्या पणजीला, तारीख कधीच ठाऊक नव्हती. ती सांगायची, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी झाला, समुद्रात नारळ टाकून माणसं परत आली होती आणि ओसरीवर अजून नारळीभाताचं पातेलं होतं. व्हिडिओ कॉलवर तू 1 जूनला "हॅपी बर्थडे" म्हणायचीस तेव्हा ते खूश व्हायचे, पण कोणाचा तरी दुसऱ्याचाच वाढदिवस असल्यासारखे.

ते गेले त्या दिवशी मी ऑफिसात होते. इथे ब्रिटनमध्ये दुपारचे बारा वाजले होते, तिकडे साडेपाच. मामाचा फोन आला, आणि त्याने सांगितल्यावर पहिली गोष्ट डोक्यात आली ती ही की आज पौर्णिमा, बाराला भरती, सहाला ओहोटी. म्हणजे पाणी जवळजवळ पूर्ण गेलेलं असणार, खडक उघडे पडले असणार. रडू त्यानंतर आलं. नंतर कळलं की शेजारच्या काकूंनीही दारात उभं राहून तेच म्हटलं होतं, "पाण्याबरोबर गेले मास्तर."

गावात प्रेत असताना देवळात काही करत नाहीत. त्यामुळे त्या रात्री देवळासमोरची दीपमाळ सगळे स्मशानातून परतल्यावर, आंघोळी झाल्यावर पेटली. दर वर्षी त्रिपूर पाजळायला तेलाचा डबा अण्णाच घेऊन जायचे. त्या दिवशीचा डबा ओटीवर भरून ठेवलेला होता. आपल्या घरी सुतक, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांच्याकडचं तेल नेलं. मामा म्हणतो, दहा वाजता पेटली पण चांदणं इतकं होतं की दिवे फिकेच दिसत होते.

मी पोचले तिसऱ्या दिवशी. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक 3 दिवस आणि मुलाला 10, त्यामुळे मी चप्पल काढेपर्यंत माझं संपलंच होतं. हा हिशोब मला कधी पटला नाही. तुझ्या आजीला मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "तू बस, कोण मोजतंय?" मग मी तेराव्यापर्यंत बसले. (दहाव्याच्या कावळ्याबद्दल तू जे विचारलंस त्याला वेगळं पत्र लागेल. नाही, आजोबा कावळा झालेले नाहीत.)

तर श्राद्ध तिकडे मामा करतो. इथे मला करण्यासारखं म्हणजे दिवा, घावन आणि नारळाचा रस. नारळ फ्रीजरमधला होता, घावनं तव्याला चिकटली, ते तू पाहिलंसच. अण्णांनी तरी चार खाल्ली असती. आणि संध्याकाळी मी तुला थंडीत कार्डिफजवळच्या पेनार्थच्या धक्क्यावर का नेलं, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. मला पौर्णिमेचं पाणी बघायचं होतं.

तिथे तू मला पकडलंस. "आजोबा म्हणाले बाराला भरती, आणि इथे तर आत्ता सातला भरली आहे. आजोबांचं गणित चुकलं!" तेव्हा मी गप्प बसले, कारण मलाही पटकन सुचेना. आता सांगते. प्रत्येक किनाऱ्याला पाणी पोचायची आपापली वेळ असते. समुद्राचा तळ कसा आहे, किनारा कसा वळला आहे, यावर ती ठरते. आपल्याकडे कोकणात पौर्णिमेचं पाणी बाराच्या सुमारास भरतं. कार्डिफजवळ ते पौर्णिमेला साधारण सातला भरतं. शिवाय इथे खाडीचं तोंड नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, पाणी त्यात कोंबलं जातं, म्हणून उधाणात ते 12 मीटरच्या आसपास चढतं. चार मजली घर बुडेल इतकं! अण्णांना हे दाखवायचं राहून गेलं. त्यांनी कठड्याला टेकून निदान दोन ओहोट्या पाहिल्या असत्या. पण रोज पाऊण तास पुढे सरकणं इथेही तसंच आहे. म्हणजे गणित तेच ठेवायचं आणि वर सात मिळवायचे. चतुर्थीला तीन अधिक सात, दहा. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा आठ मिळवायचे.

शनिवारी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून बस. तिथी बघ, पाऊणपट कर, सात मिळव आणि वेळ कागदावर लिहून मला दे. मग जाऊन बघू. थर्मासमध्ये चहा घेऊ, तुला दूध. आणि अडलं तर मामाला फोन करू नकोस, त्याला पाऊणकी येत नाही. तो कायम चिखलातूनच आला.

तुझी,
आई