अळीच्या पाठीवरची ‘अंडी’

प्रश्न : गंगापूर रोडच्या आमच्या बागेत लिंबावरच्या अळीला तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी चिकटली आहेत. फवारणी करू? ही गांधीलमाशीची जात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा ताई, फवारणी नको! ती अंडी नव्हेत, कोष आहेत. ब्रॅकोनिड कुळातल्या इवल्या माशीच्या (गांधीलमाशीच्याच नात्यातली) अळ्या तुमच्या लिंबावरच्या अळीला आतून खाऊन बाहेर आल्यात, म्हणजे ही माशी तुमचंच काम करतेय. (पंचवटीत राहताना मीही असे कोष चिरडलेत, अजून हळहळतो.) इक्न्यूमोनिड हे दुसरं कुळ त्यांची सख्खी भावकी, पुढच्या पंखातली एक आडवी शीर ब्रॅकोनिडांत बहुधा नसते, भिंगाने बघा. गांधीलमाशी, मधमाशी, एवढंच काय मुंगीसुद्धा, अशाच परोपजीवी (दुसऱ्या किड्यावर जगणाऱ्या) पूर्वजांच्या वंशातली. अंडी घालायच्या नळीचीच पुढे नांगी झाली. म्हणून त्यांचे नर डंख मारू शकत नाहीत.