गोळीबाराचा व्हिडिओ पाहूनही मुलाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही

"माझा मुलगा उद्या कुणावर तरी गोळी झाडेल, अशी भीती वाटते मला," असे एका आईने पहिल्याच भेटीत सांगितले आणि आपल्या तोंडून हे वाक्य निघाल्याचेच तिला रडू आले. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जेवता जेवता तो मोबाइलवर एका खऱ्या गोळीबाराचा व्हिडिओ पाहत होता. पडद्यावरचा माणूस कोसळला, तेव्हा त्याने "खरं आहे का हे, की बनवलेलं?" एवढेच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता अंगठ्याने पुढचा व्हिडिओ लावला. तो गोळीबाराचे गेम तासन्‌तास खेळतो, हे आईला ठाऊक होते. त्याची आणि या थंडपणाची सांगड तिने मनात घातली होती. अशी चिंता घेऊन येणारे पालक वरचेवर भेटतात, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मुलाशी मी एकट्याशी बोलले. झोप लागते का, मित्र आहेत का, शाळेत कुणी छळते का, कुणाचा सूड घ्यावासा वाटतो का, स्वतःला संपवावे असे मनात येते का, हे सगळे मी त्याला स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसते विचार शिरतात, हा समज खरा नाही. त्याच्या बोलण्यात धोक्याचे काही आढळले नाही. मग मी त्याला तो व्हिडिओ शब्दांत सांगायला लावला. कॅमेरा कुठे होता, बंदूक कोणती होती, गोळ्या किती सुटल्या, हे त्याने भराभर सांगितले. त्या माणसाला गोळी नेमकी कुठे लागली, हे मात्र त्याला आठवेना. "पुढे त्याचं काय झालं?" असे विचारल्यावर तो गोंधळला आणि म्हणाला, "पुढे काही नाही. व्हिडिओ तिथंच संपतो."

मला काळजी वाटली ती या उत्तराची. मुलगा क्रूर नव्हता. पडद्यावरच्या त्या माणसाला शरीर आहे, ते दुखते आणि ते दुखणे व्हिडिओ संपल्यावरही चालू राहते, एवढा धागा त्याच्या मनात तुटला होता.

आईच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी तिला आधी दिले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 च्या ठरावात म्हटले आहे की, हिंसक गेममुळे माणूस प्रत्यक्ष हिंसाचाराकडे वळतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. ओरडणे, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी मात्र त्यांचा थोडासा संबंध दिसतो. जपान आणि दक्षिण कोरियात हे गेम भरपूर खेळले जातात, पण तिथे सामान्य माणसाच्या हाती बंदूक सहसा पडत नाही आणि गोळीबाराचे बळीही अत्यंत कमी असतात. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्याबरोबर 1974 ते 2000 या काळातल्या शाळांवरच्या 37 हल्ल्यांचा अभ्यास केला, तेव्हा हिंसक गेममध्ये रस असलेले हल्लेखोर जेमतेम 12 टक्के निघाले. सुमारे दोन तृतीयांश हल्ल्यांत बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून आलेली होती आणि पाचांपैकी चार हल्ल्यांची कुणाला ना कुणाला आधीच कुणकुण होती.

म्हणून गेम जप्त करून प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. तुटलेला धागा तेवढ्याने जुळत नाही. समोरचे शरीर किती जवळ आहे, यावर आपले वागणे किती अवलंबून असते, हे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांच्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या 1960 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले होते. त्यांत लोकांना दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देण्याचा हुकूम दिला जाई. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत होते. झटका बसणारा माणूस दुसऱ्या खोलीत असताना 65 टक्के लोक हुकूम पाळत शेवटच्या झटक्यापर्यंत गेले. तो त्याच खोलीत असताना 40 टक्के गेले आणि त्याचा हात धरून झटका देणाऱ्या पट्टीवर दाबावा लागला तेव्हा 30 टक्के. पडदा माणसाला त्या दुसऱ्या खोलीपेक्षाही दूर नेतो. 2019 साली न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च इथे 51 जणांचा बळी घेणाऱ्याने हल्ला थेट प्रक्षेपित केला आणि पहिल्या 24 तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या सुमारे 15 लाख प्रती हटवाव्या लागल्या. ते दृश्य लोकांपर्यंत पोहोचले ते मारणाऱ्याच्या नजरेतून.

मुलाला मी व्हिडिओत न आलेला भाग सांगितला, घाबरवण्याचा हेतू न ठेवता, तो विचारेल तेवढाच. बंद खोलीत गोळीच्या आवाजाने कान कायमचे अधू होऊ शकतात, पोटात गोळी लागून वाचलेल्याला कित्येक शस्त्रक्रिया सोसाव्या लागतात, पाठीच्या कण्याला लागली तर पुढचे आयुष्य चाकाच्या खुर्चीत जाऊ शकते. पण ऐकणे वेगळे आणि हातांनी करणे वेगळे, म्हणून त्याला प्रथमोपचाराच्या वर्गाला पाठवले. तिथे रक्तस्राव थांबवण्यासाठी जखमेत कापड भरून दोन्ही हातांनी सलग दाब देत राहायला शिकवतात. परत आल्यावर तो म्हणाला, "हात भरून आले, पण सर म्हणाले, अँब्युलन्स अजून आलेली नाही, हात काढू नकोस." मग त्याने आपणहून विचारले, "त्या व्हिडिओतल्या माणसाजवळ कुणी होतं का?"

आईला मी आणखी एक प्रश्न विचारला, ज्याची तिला अपेक्षा नव्हती: घरात बंदूक आहे का? वडिलांचे परवान्याचे पिस्तूल कपाटात होते आणि किल्ली कुठे असते, हे मुलाला माहीत होते. गेमच्या वादात हा विषय घरात कधी निघालाच नव्हता. पिस्तूल रिकामे करून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या मुलाला माहीत नसलेल्या जागी, हे त्याच आठवड्यात करायला मी सांगितले आणि वडिलांनी ते केले. घरातली बंदूक आत्महत्येच्या एका क्षणाच्या आवेगातही हाताशी येते, म्हणून मूल कितीही शांत असले तरी ही व्यवस्था हवीच.

मोबाइल काढून घेऊ का, असे आईने शेवटी विचारले. मी नको म्हटले. जेवताना तो सगळ्यांनीच बाजूला ठेवावा आणि असा व्हिडिओ समोर आला तर ओरडण्याऐवजी त्याच्याशी बोलावे, एवढे ठरले. मात्र मूल कुणाचे नाव घेऊन मारण्याची भाषा करू लागले, हल्लेखोरांचे गुणगान करू लागले, बंदूक कुठे मिळेल याची चौकशी करू लागले, किंवा आवडत्या वस्तू वाटून निरोपाचे बोलू लागले, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे, शाळेला कळवावे आणि धोका समोर दिसत असेल तर पोलिसांनाही सांगावे.